सामाईक डब्याचा मध्यक

जगातले सगळे तंटे टोकाच्या माणसांमुळे सुरू होतात आणि मधल्या माणसामुळे मिटतात, हे एक शाश्वत सत्य आहे. निदान सरांना तरी ते शाश्वत वाटत होतं. महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवताना दर वर्षी पहिल्याच तासाला ते हे वाक्य उच्चारत, आणि मुलं ते लिहून घेत नसत, कारण परीक्षेत त्याला गुण नव्हते.

सर स्वतः मधलेच होते. तीन भावंडांत मधले, शाळेत मधल्या बाकावर, निकालात मधल्या श्रेणीत. थोरल्याला नवे कपडे मिळाले, धाकट्याला लाड मिळाले आणि सरांना मिळाला मध्यक. आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि बरोबर मधला उचलायचा, एवढ्या साध्या कृतीवर त्यांनी एक नोकरी, एक प्रबंध आणि एक संसार उभा केला होता. संसाराबद्दल पत्नीचं मत वेगळं होतं. पण एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, असं सर म्हणत.

ते राहत ती गल्ली बंद गल्ली होती. एका बाजूला गोदामाची लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला पाच घरं. तोंडाशी बेकरीवाले, त्यांना लागून दातांच्या डॉक्टरीणबाई, मग सर, मग न्यायालयातून निवृत्त झालेले अव्वल कारकून. ही चार घरं एकमेकांना खेटून उभी होती. तिथून पुढे बराच वेळ नुसती एका बागेची भिंत चालायची आणि अगदी शेवटी, बागेच्या मालकाचा, म्हणजे कंत्राटदारांचा बंगला लागायचा.

नगरपालिकेची घरोघरी फिरणारी कचऱ्याची गाडी काटकसरीपायी बंद झाली आणि तिच्या बदल्यात दर गल्लीला एक मोठा सामाईक डबा मंजूर झाला. डबा कुठे ठेवायचा हे रहिवाशांनी ‘लोकसहभागातून व सहमतीने’ ठरवायचं होतं. भांडण आमच्या कार्यालयात नको, तुमच्या गल्लीत करा, असा त्याचा साधा अर्थ.

बैठक बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांवर बसून झाली. स्वच्छता निरीक्षकांना एकुलती एक खुर्ची दिली होती. प्रत्येकाने आपापली भूमिका मांडली आणि ती एकच होती: डबा जवळ हवा, पण दारात नको.

“हे दोन्ही एकाच वेळी मंजूर करता येत नाही,” निरीक्षक म्हणाले.

“अहो, एवढा काय घोळ घालताय?” कंत्राटदार म्हणाले. “गल्लीची लांबी मोजा आणि ठेवा मधोमध. तिथे माझ्या बागेची भिंत आहे, समोर गोदाम. कुणाचं दार नाही, कुणाची खिडकी नाही. माझी हरकत नाही. घ्या, संपलं.”

एवढा समजूतदारपणा कुणालाच अपेक्षित नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. बेकरीवाले चहाचे रिकामे पेले गोळा करू लागले. निरीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. आणखी अर्ध्या मिनिटात सगळे आपापल्या घरी गेले असते आणि ही कथा इथेच संपली असती.

त्या अर्ध्या मिनिटात सरांनी घसा खाकरला.

“एक मिनिट. हे चूक आहे.”

त्यांची पत्नी बैठकीला नव्हती. असती तर तिने मागून सदरा ओढला असता. तो ओढायला कुणी नसल्यामुळे सर उभे राहिले.

“एक घर फार लांब आहे, म्हणून मधोमधची जागा तिकडे सरकते. म्हणजे एका टोकाच्या घरापायी चार घरांनी रोज पायपीट करायची. हा टोकाच्याचा जुलूम झाला. कंत्राटदारसाहेब, मनाला लावून घेऊ नका.”

“छे हो. बोला तुम्ही.”

“मध्यक घ्या! घरं ओळीने मांडा आणि मधलं घर निवडा. डबा तिथे ठेवला की सगळ्यांचं मिळून चालणं कमीत कमी होतं. हे सिद्ध झालेलं आहे.”

“कुठे?” निरीक्षकांनी विचारलं.

“गणितात.”

निरीक्षकांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. त्यांच्या उभ्या नोकरीत लोकांनी भांडताना चपला आणल्या होत्या, वकील आणले होते, एकदा तर बँडही आणला होता. सिद्धता कुणी आणली नव्हती.

सर आता रंगात आले. कणीक मळायच्या टेबलावर मैदा सांडला होता, त्यात त्यांनी बोटाने पाच रेघा ओढल्या. “पाच घरं. विषम संख्या, नशीब आपलं. सम असती तर मधली दोन घेऊन त्यांची सरासरी काढावी लागली असती. आता अलीकडची दोन सोडा, पलीकडची दोन सोडा. उरलं ते…”

बोट मैद्यात थांबलं.

“उरलं ते?” अव्वल कारकुनांनी अत्यंत नम्रपणे विचारलं. न्यायालयात तीस वर्षं काढलेल्या माणसालाच असा नम्रपणा जमतो.

“आमचं,” सर म्हणाले.

मग कंत्राटदारांनी टाळ्या वाजवल्या. “मानलं, सर! दुसरा कुणी असता तर आधी स्वतःचं दार वाचवलं असतं. याला म्हणतात शास्त्र!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत नाही म्हणायची वेळ निघून गेली होती.

सरांच्या घराची पुढची खोली म्हणजे पत्नीचा गाण्याचा वर्ग. रोज दुपारी तिथे मुलं-मुली यायच्या आणि खिडकीकडे तोंड करून बसायच्या. खिडकीच्या बाहेर फाटक. फाटकाच्या बाहेर, सिद्धतेप्रमाणे, डबा.

“मधोमध ठरलं होतं?” पत्नीने विचारलं.

“ठरत होतं.”

“कुणाच्या दारात येत नव्हता?”

“नव्हता.”

“आणि तुम्ही उठलात.”

“अगं, पण ते चूक होतं.”

“कुणाला त्रास होत होता का?”

“त्रास नव्हता. चूक होतं.”

तिने तंबोऱ्यावरची गवसणी नीट केली. ती आधीच नीट होती. “मी मुलांना पहिल्या दिवसापासून काय सांगते? श्वास पोटातून घ्या, खोल घ्या. खिडकीत कचऱ्याचा डबा ठेवल्यावर कोण घेणार खोल श्वास? आधीच दोघींच्या आया म्हणतायत, त्यापेक्षा नाच बरा, तिथे तोंड मिटून भागतं.”

“मी करतो काहीतरी.”

“करू नका. केलंत ते पुरे झालं.” मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, “हा वर्ग माझा आहे हो. या घरात बाकी सगळं आपलं आहे. माझं म्हणावं असं तेवढंच आहे.”

सरांना हे लागलं. मनाला लागलेल्या गोष्टीवर त्यांच्याकडे एकच औषध होतं: त्यांनी पद्धत सुधारायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ते निरीक्षकांना गाठून म्हणाले, “आपल्या मांडणीत एक ढोबळ दोष राहिला. घरं कचरा टाकायला जात नाहीत. माणसं जातात. मध्यक माणसांचा काढायला हवा.” कंत्राटदारांकडे माणसं जास्त, तेव्हा मध्यक तिकडे सरकणार, हा हिशेब त्यांनी मनातच ठेवला.

निरीक्षकांना सुधारित पद्धत आवडली. मोजणी प्रत्यक्ष व्हावी म्हणून रविवारी सकाळी त्यांनी अख्ख्या गल्लीला गोदामाच्या भिंतीला पाठ लावून, घरांच्या क्रमाने उभं केलं. बेकरीवाल्यांचे चार, डॉक्टरीणबाईंचे तीन, सरांकडची दोन, अव्वल कारकुनांकडची दोन, कंत्राटदारांचे सहा. एकूण सतरा. मधला म्हणजे नववा. निरीक्षक एकेकाच्या छातीकडे पेन दाखवत मोजत आले. सात संपले, आठवी सरांची पत्नी, आणि नववे, हातात खडू घेऊन उभे असलेले, सर.

अलीकडे आठ माणसं, पलीकडे आठ माणसं. आयुष्यभर ज्याचा शोध घेतला तो मध्यक सरांना अखेर सदेह भेटला, आणि तो स्वतःच निघाला.

“आता वजनाने मोजा,” पत्नी पुढे बघत पुटपुटली.

यानंतर कंत्राटदारांच्या सुनेला जुळं झालं. बाळं बघायला सर सगळ्यांच्या आधी, दोन खुळखुळे घेऊन हजर झाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून कंत्राटदारांची बायको गहिवरली. “सरांना लेकरांची किती माया आहे!” माया होतीच. एकोणीस माणसं झाली की मधला दहावा, आणि दहावे म्हणजे अव्वल कारकून.

अव्वल कारकुनांनी संध्याकाळच्या आत हरकत घेतली. “रहिवाशांचं चालणं कमी करायचं हा हेतू आहे. जी चालतच नाहीत, ती मोजायची कशी?”

“चालत नसतील, पण गल्लीत सगळ्यांत जास्त कचरा तीच करतात!” सर ओरडले.

निरीक्षकांनी कपाळाला हात लावला आणि प्रश्न वरिष्ठांकडे पाठवला. यथावकाश उत्तर आलं: बाळं मोजण्यात यावीत, मात्र ती रांगू लागल्यास या कार्यालयास त्वरित कळवावं.

सरांनी त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी शीळ घातली. पण अव्वल कारकून काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते निरीक्षकांपुढे उभे राहिले आणि त्यांचा आवाज भरून आला. “साहेब, बेकरीच्या माळ्यावर दोन कामगार राहतात. भट्टीच्या वर झोपतात बिचारे. इतकी वर्षं आपण त्यांना माणसांत मोजलं नाही, याची मला लाज वाटते.”

ही लाज त्यांना नेमकी त्याच आठवड्यात का वाटावी, हे विचारण्याची सोय नव्हती. माणुसकीच्या विरोधात बोलणार कोण? कामगार मोजले गेले. त्यांना खाट मिळाली नाही, पंखा मिळाला नाही, मोजणीत जागा मात्र मिळाली. एकूण एकवीस. मधला अकरावा. बेकरीचे आता सहा, डॉक्टरीणबाईंचे तीन, सरांची पत्नी दहावी.

“सरच,” निरीक्षक म्हणाले. त्यांच्या आवाजात एव्हाना भक्तिभाव होता.

त्या दिवशी पत्नीने ताट वाढलं आणि समोर बसून शांतपणे सांगितलं, “मी भावाकडे जाते.”

दुसरा नवरा असता तर हातातला घास खाली ठेवला असता. सरांचा घास हवेत राहिला आणि डोळे छताकडे गेले. “म्हणजे वीस,” ते म्हणाले.

“काय?”

“तू गेलीस तर वीस उरतात. सम संख्या! मधले दोन, मी आणि अव्वल कारकून. दोघांची सरासरी काढायची. डबा आमच्या दोघांच्या सामाईक भिंतीपाशी! निम्मा तिकडे गेला की गं!” मग ते जरा पुढे वाकले. “किती दिवस राहशील? मोजणीच्या दिवशी तिकडेच असशील ना, एवढंच विचारतोय.”

पत्नी काही बोलली नाही. हिशेब चालू असताना सरांना शांतता म्हणजे संमती वाटायची. “आणि थांब, मीसुद्धा गेलो तर? एकोणीस. दहावे अव्वल कारकून! डबा पूर्ण त्यांच्या दारात! म्हणजे बघ, आपल्या दारासमोर डबा नको असेल तर आपण इथे राहायचंच नाही. किती स्वच्छ उत्तर आहे!”

“आपण नसताना दारासमोर काय आहे नि काय नाही, याचं आपल्याला काय करायचंय?”

“तो वेगळा प्रश्न झाला,” सर म्हणाले.

“मी कुठेही जात नाही,” पत्नी म्हणाली. “आता तर मुळीच नाही. मला इथे बसून बघायचंय, तुम्ही अजून काय काय सिद्ध करता ते.”

त्या वाक्यानंतर सरांनी जन्मात न केलेली गोष्ट केली. ते निरीक्षकांच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, “माझं चुकलं, असं समजा. मधोमधच ठेवू या. बागेच्या भिंतीपाशी.”

निरीक्षकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, हीच वाईट खूण होती. “सर, आता कसं शक्य आहे? तुमची पद्धत वरिष्ठांना इतकी आवडली की सगळ्या गल्ल्यांना लागू झाली. लोक आपसांत भांडतात, इकडे कुणी फिरकत नाही. इतकं शांत कार्यालय मी कधी पाहिलं नव्हतं.”

“पण मीच म्हणतोय ना, की मधोमध चालेल?”

“मधोमध म्हणजे तुमच्या भाषेत टोकाच्याचा जुलूम. तो नियमात बसत नाही आता.” मग निरीक्षक हळूच म्हणाले, “आणि खरं सांगू? मला ते पटलंय. आमच्या घरी पण मी मध्यकच काढतो हल्ली. भाजी कुठली करायची त्याचा.”

“मग?”

“मग काय. रोज माझी नावडतीच निघते. पण तक्रार करता येत नाही.”

डबा आला. हिरवा, लोखंडी, कपाटाएवढा उंच, झाकणाला दोन कड्या. फाटकासमोर तो बसवला गेला. कंत्राटदारांनी फीत कापली. ते म्हणाले, की अशी निःस्वार्थ विद्वत्ता प्रत्येक गल्लीत असावी, शक्यतो मधल्या घरात. सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा त्यांनी सवयीने टोकाच्या माणसांबद्दलचं ते शाश्वत सत्य सांगितलं आणि खाली बसताना खिडकीत उभ्या असलेल्या पत्नीकडे बघायचं टाळलं.

दुपारी वर्गाला मुली आल्या. त्यांच्या आया फाटकापर्यंत आल्या, डब्याकडे बघितलं, नाकाला पदर आणि ओढण्या लावल्या आणि एकमेकींकडे बघितलं. “पुढच्या महिन्यापासून बघू या,” एक म्हणाली. हे वाक्य पत्नीने ऐकलं.

ती रडली नाही, भांडली नाही. तिने तंबोरा उचलला. “वर्ग आजपासून मागच्या खोलीत. तिथून डबा दिसत नाही.”

मागच्या खोलीत सरांच्या जुन्या उत्तरपत्रिका, मोडका पंखा आणि प्रबंधाच्या उरलेल्या प्रती असा ढिगारा खिडकीला लावून ठेवलेला होता. सरांनी अपराधी भावनेने तो एकट्याने उपसला. धूळ झटकली, सतरंजी घातली. मुली ओळीने बसल्या. पत्नीने खिडकीची खिटी ओढली, ती हलेना. सरांनी खांदा लावला आणि दोन्ही झडपा धाडकन उघडल्या.

“हं,” पत्नी म्हणाली. “पाठ ताठ. डोळे मिटा. पोटातून, खोल श्वास.”

मुलींनी श्वास घेतला. पहिल्या ओळीतली एकदम खोकत सुटली. दुसरी तोंडावर हात धरून बाहेर पळाली. तिसरीने डोळे उघडून निरागसपणे विचारलं, “ताई, सोडू का आता?”

पत्नी खिडकीतून वाकली. सरही वाकले.

घरांच्या मागे एक कोरडा ओढा होता. त्याच्या काठाने पाच ढीग पडले होते. प्रत्येक ढीग आपापल्या घराच्या बरोबर मागे. बेकरीचा जळक्या पावांचा, डॉक्टरीणबाईंचा कापसाचा, अव्वल कारकुनांचा नीट गाठी मारलेल्या पुडक्यांचा, आणि लांब तिकडे कंत्राटदारांचा, त्यांच्या प्रतिष्ठेला शोभेल असा. मधला ढीग खिडकीच्या थेट खाली होता.

“ती निळी पिशवी आपली आहे,” पत्नी म्हणाली.

“हो.”

“आपला कचरा रोज तुम्ही घेऊन जाता ना?”

“जातो की.”

“कुठे?”

“डब्याची जागा ठरेपर्यंत तात्पुरती सोय म्हणून… मागे. सगळेच टाकत होते.”

“जागा ठरली. डबा आला. आज सकाळची पिशवी?”

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. “अगं, डब्यापाशी जायचं म्हणजे चपला घालाव्या लागतात.”

पत्नी खाली बघत राहिली. सर मात्र ते पाच ढीग एका वेगळ्याच नजरेने बघत होते. पाच घरं, पाच ढीग, आणि सगळ्यांचं मिळून चालणं जवळजवळ शून्य. मध्यकालाही जे साधलं नव्हतं ते गल्लीने एकही बैठक न घेता, एकमताने साधलं होतं. एवढी सहमती त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. हे वाचून ज्यांना सरांचं हसू येत असेल, त्यांनी आधी आपल्या घराची मागची खिडकी उघडून बघावी. ती सहसा अडगळीने बंद झालेली असते.

सरांनी खिडकी लावून घेतली आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते तसे परत रचले. वर्ग दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पुढच्या खोलीत भरू लागला. आयांनी आठवडाभर वाट पाहिली, मग नाकावरचे पदर काढले. मुली खिडकीकडे तोंड करून बसतात आणि पोटातून खोल श्वास घेतात. डब्याचा अजिबात वास येत नाही. तो रिकामा आहे.